आयएनओवरचं बाळ सांभाळताना

आयएनओ म्हणजे श्वासातून दिला जाणारा नायट्रिक ऑक्साइड. हे नाव घेतलं की नवीन सिस्टर हमखास विचारते, हसवणारा गॅस तोच का. तो नायट्रस गं, भुलीचा. हा नायट्रिक, फुप्फुसात जाऊन तिथल्याच रक्तवाहिन्या सैल करतो आणि रक्तात उतरला की हिमोग्लोबिन त्याला लगेच पकडतं, म्हणून अंगाचं बीपी सहसा पडत नाही. पीपीएचएनच्या, म्हणजे जन्मानंतरही फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचं प्रेशर चढंच राहिलेल्या बाळांना लावतात, बहुतेक वेळा २० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत २० भाग गॅस).

लावायच्या आधी सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारे दोन प्रोब, एक उजव्या हाताला, एक पायाला. दोन्ही सॅच्युरेशनमध्ये १० च्या वर फरक दिसला तर डक्टमधून (फुप्फुसाच्या आणि अंगाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणाऱ्या नळीतून) रक्त उलटं जातंय असं समजायचं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालाय का तेही विचारा, काही हृदयदोषांत हा गॅस चालत नाही. सर्किट जोडण्याआधी पर्ज करा, म्हणजे आतला जुना गॅस बाहेर काढा, आत साचलेला विषारी एनओटू (नायट्रोजन डायऑक्साइड) बाळाला नको. गॅस मोजणारी सॅम्पलिंग लाइन वाय-पीसजवळ, म्हणजे व्हेंटिलेटरच्या दोन नळ्या बाळाजवळ जुळतात तिथे असते, तीत पाणी गेलं की आकडे भरवशाचे राहत नाहीत.

या गॅसमुळे मेटहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन वाढू शकतं. ते तपासायचं पहिल्या काही तासांत एकदा आणि मग रोज निदान एकदा, ५ टक्क्यांच्या वर गेलं की डॉक्टरांना लगेच कळवा. इथे पल्स ऑक्सिमीटरवर विसंबू नका, तो फसतो. सॅम्पलचं रक्त चॉकलेटी दिसलं तर रिपोर्टची वाट बघत बसू नका.

पण खरी भीती गॅस तुटण्याची. एका नाइटला सिलिंडर बदलताना दुसऱ्याचा व्हॉल्व्ह उघडलाच नव्हता, माझ्याच हातून, आणि मिनिटभरात बाळाचं सॅच्युरेशन ९४ वरून ६८ वर आलं, तो अलार्म अजून कानात आहे. तेव्हापासून आधी दुसरा उघडते, प्रेशर बघते, मगच पहिल्याला हात लावते. बॅगिंगची, म्हणजे हाताने बॅग दाबून श्वास द्यायची वेळ आली तर साध्या अँब्यू बॅगने नाही, गॅस जोडलेल्या बॅगने, ती बेडलाच तयार ठेवा. सक्शन इनलाइनच, म्हणजे सर्किट न सोडवता.

वीनिंगला, म्हणजे गॅस हळूहळू कमी करायला, घाई करू नका. एफआयओटू (श्वासातल्या हवेतला ऑक्सिजन) ६० टक्क्यांच्या खाली आला की २०, १५, १०, ५ असं उतरायचं आणि ५ नंतर एकेक पीपीएम. बाहेरून मिळतोय म्हटल्यावर शरीर स्वतःचा नायट्रिक कमी बनवतं, त्यामुळे ५ वरून एकदम शून्य केलं की फुप्फुसातलं प्रेशर उसळतं. शेवटचा १ बंद करताना एफआयओटू थोडा वाढवून घेतात, तरी सॅच्युरेशन घसरलंच तर परत चालू करायचा आणि काही तासांनी पुन्हा बघायचं, त्यात कमीपणा काही नाही.

हँडओव्हरला पीपीएमसोबत सिलिंडरचं प्रेशरही लिहा, तेवढंच नेमकं राहून जातं.