ॲनीलिंग यंत्रावर गणित बसवताना साखळी किती घट्ट बांधावी

वाशीच्या घाऊक बाजारातून भाजी घेऊन निघालेल्या टेम्पोने मुंबईतील १२ दुकाने कोणत्या क्रमाने गाठावीत, हे उदाहरण घेऊ. ॲनीलिंग यंत्र म्हणजे किमान किमतीचे उत्तर शोधणारा एक प्रकारचा क्वांटम संगणक; त्याला गणित क्यूबो रूपात, म्हणजे ० किंवा १ असणाऱ्या चलांच्या व त्यांच्या जोड्यांच्या बेरजेत, द्यावे लागते. ते मांडता येते असे गृहीत धरतो. इथे एकेक चल ‘अमुक ठिकाण अमुक क्रमांकावर आहे का’ हे सांगते. सुरुवात वाशीला पक्की केली की १६९ (१३ × १३) ऐवजी १४४ (१२ × १२) चले उरतात.

५,००० हून अधिक क्यूबिटांच्या (० किंवा १ उत्तर देणाऱ्या क्वांटम घटकांच्या) यंत्रात १४४ चले सहज मावतील, या समजुतीवर विसंबू नये. २०२० साली आलेल्या डी-वेव्ह ॲडव्हान्टेजमध्ये एका क्यूबिटला थेट जोडलेले जास्तीत जास्त १५ शेजारी असतात. आपल्या मधल्या क्रमांकांवरील चलांना मात्र ४४ लागतात: त्याच दुकानाच्या इतर क्रमांकांशी ११, त्याच क्रमांकावरील इतर दुकानांशी ११ आणि मागच्या-पुढच्या क्रमांकांशी २२. म्हणून एका चलासाठी अनेक क्यूबिट साखळीने बांधावे लागतात, म्हणजे ते सगळे एकच मूल्य धरतील; मूल्ये वेगळी निघाली तर साखळी तुटली. ही बांधणी सॉफ्टवेअर करते. ती चार-पाच वेळा करवून सर्वांत आखूड साखळ्यांची ठेवावी.

खरी मेख साखळीच्या जोरात, म्हणजे तिचे क्यूबिट एकमेकांशी किती घट्ट जोडले त्यात, आहे. ‘जोर आणि पेनल्टी (दुकान सुटले किंवा दोनदा आले तर लागणारा दंड) भरपूर ठेवा, म्हणजे काही तुटणार नाही’ हा सल्ला मी पाळला आणि दोन आठवडे वाया घालवले. एकही साखळी तुटली नाही, एकही दुकान सुटले नाही, आणि टेम्पो मात्र वाशीहून कुलाबा, तिथून परत शीव, मग पुन्हा वरळी असा भटकत राहिला. कारण साधे आहे: यंत्राला ठरावीक मर्यादेतीलच आकडे चालतात, त्यामुळे सर्वांत मोठा आकडा त्या मर्यादेत बसवताना बाकीचे सगळे त्याच प्रमाणात आक्रसतात, आणि दादर-परळ व दादर-माटुंगा यांतील फरक यंत्राच्या गोंगाटात बुडून जातो.

त्यामुळे आधी अंतरेच लहान करावीत. प्रत्येक दुकानात टेम्पो एकदाच येतो, म्हणून तिथे येणाऱ्या सर्व अंतरांतून त्यांतील सर्वांत लहान अंतर वजा केले तरी क्रमांची आपसातील तुलना बदलत नाही. उरलेल्या सर्वांत मोठ्या अंतराहून जरा जास्त पेनल्टी ठेवावी. साखळीचा जोर मुद्दाम कमी ठेवून सुरू करावा, थोडा-थोडा वाढवावा, आणि तुटणे विरळ झाले की थांबावे. शून्यावर आणण्याचा हट्ट धरू नये, कारण तुरळक तुटलेल्या साखळीचे मूल्य तिच्यातील क्यूबिटांच्या बहुमताने ठरवता येते.

१२ दुकानांचे नेमके उत्तर साध्या लॅपटॉपवरही चटकन निघते. जोर ठरवताना यंत्राचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहावे, मगच दुकाने वाढवावीत.