खिओसमध्ये वारसा पर्यटन उभं करताना या चुका टाळा

काष्ठौषधींच्या दुकानात रुमी मस्तकी नावाचा जो सुगंधी डिंक मिळतो, त्याचं मूळ घर म्हणजे ग्रीसचं खिओस बेट. बेटाच्या दक्षिणेकडची पिरगी, मेस्ता, ओलिंबी ही गावं या डिंकावरच उभी राहिली. जिनोआच्या व्यापाऱ्यांनी 1346 ते 1566 या काळात इथे राज्य केलं आणि डिंकाच्या राखणीसाठी गावं किल्ल्यासारखी बांधली. बाहेरच्या घरांच्या पाठी हाच गावाचा तट आणि मधोमध बुरूज.

भिंती दाखवायच्या आणि शेत विसरायचं

सगळ्यात मोठी चूक हीच. लक्षण ओळखायला सोपं आहे: बस येते, लोक पिरगीच्या भिंतींवरच्या करड्या-पांढऱ्या नक्षीचे फोटो काढतात, कॉफी पितात आणि तासाभरात निघून जातात. मुक्काम कोणी करत नाही. मग आणखी फलक लावले जातात, चौक सजवला जातो. पण दुखणं तिथे नसतंच.

युनेस्कोने 2014 मध्ये ज्याची नोंद घेतली, ती मस्तकीच्या लागवडीची विद्या आहे. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून, सपाट करून तिच्यावर पांढरी चुनखडीची पूड पसरतात. मग सालीला बारीक चिरा देतात. या कामाला ‘केंदिमा’ म्हणतात. भरतकामालाही तिथे हाच शब्द आहे. चिरांतून गळलेले थेंब पुडीवर पडून घट्ट होतात. त्यांना ‘अश्रू’ म्हणतात. ते वेचून आणायचे आणि पुढे हिवाळाभर घरात बसून एकेक खडा साफ करायचा.

म्हणजे पाहुण्याला दाखवण्यासारखं काम जुलैपासून थेट थंडीपर्यंत चालू असतं, आणि आपण त्याला ऑगस्टच्या समुद्रकिनाऱ्याला बांधून ठेवतो! शेतकऱ्याबरोबर एक सकाळ, हिवाळ्यात निवडणीच्या घरी एक दुपार, असा कार्यक्रम ठेवा आणि त्या वेळेचे पैसे शेतकऱ्याच्या हातात पडू द्या. शेतात मात्र विचारल्याशिवाय कोणालाही सोडू नका; पसरलेल्या पुडीवर पाय पडला की माल खराब होतो. सिगारेटचं तर नावच नको. ऑगस्ट 2012 च्या वणव्यात मस्तकीची असंख्य झाडं जळाली, आणि नवं झाड डिंक द्यायला लागेपर्यंत पाच-सहा वर्षं जातात.

नक्षी रंगवून भागवणं

पिरगीची ‘क्सिस्ता’ नक्षी ब्रशने काढलेली नसते. गडद वाळूच्या गिलाव्यावर चुन्याचा हात देतात आणि तो ओला असतानाच आकृती खरवडून काढतात. दुरुस्तीला तयार रंग वापरला तर चित्र राहील, पण कारागिरी जाईल. गवंड्याला काम मिळालं पाहिजे, त्याच्या हाताखाली शिकणाऱ्यालाही.

सगळी घरं पाहुण्यांना देणं

ग्रीसच्या पर्यटन संस्थेने सत्तरच्या दशकापासून मेस्तासारख्या गावांत जुनी घरं दुरुस्त करून पाहुण्यांसाठी खुली केली. कल्पना चांगलीच होती. पण गावात दिवा लावणारं माणूसच उरलं नाही तर केंदिमा करणार कोण? किती घरं पाहुण्यांसाठी आणि किती राहत्या कुटुंबांसाठी, हे आधीच ठरवा.

1822 बद्दल गप्प बसणं

हा मला सर्वांत नाजूक मुद्दा वाटतो. नेआ मोनी हा अकराव्या शतकातला मठ सोनेरी मोझेइकसाठी प्रसिद्ध आहे, 1990 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथेच, 1822 मध्ये ऑटोमन तुर्की सैन्याने बेटावरच्या ग्रीकांची जी कत्तल केली, तीत मारल्या गेलेल्यांच्या कवट्याही जपून ठेवल्या आहेत. समोरचा तुर्की किनारा अगदी जवळ. चेश्मेहून बोटी येतात, आणि 2024 पासून तुर्की प्रवाशांना बेटासाठी झटपट व्हिसा मिळू लागल्याने हे शेजारीच मोठ्या संख्येने येणारे पाहुणे आहेत. त्यांना वाईट वाटेल म्हणून माहिती गाळू नका, आणि सूड उगवल्यासारखीही लिहू नका. काय झालं, कोणाच्या आज्ञेने झालं, किती घरं ओस पडली, हे ग्रीक आणि तुर्की दोन्ही भाषांत, एकाच फलकावर, शब्दाला शब्द जुळवून लिहा. मजकूर छापण्याआधी दोन्ही भाषा जाणणाऱ्या इतिहासकाराला दाखवा.