कुमारवयीन मुलांना डिस्टोपियन कादंबऱ्या सुचवताना या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी पुस्तकं देण्याघेण्याचं काम मी बघते. १२ ते १६ वयाची मुलं हल्ली आल्या आल्या विचारतात, “काकू, काहीतरी डार्क आहे का?” डार्क म्हणजे बहुतेक वेळा डिस्टोपियन कादंबऱ्या, ज्यांत बिघडलेला, जुलमी असा काल्पनिक समाज असतो. मुलांनी असं वाचावं असं मला मनापासून वाटतं. पण कुठलं पुस्तक कुणाच्या हातात द्यायचं, इथे चुका होतात, आणि त्यातली सगळ्यात मोठी माझ्याच हातून झाली.

सहावीतल्या एका मुलीला मी लोइस लॉरी यांची ‘द गिव्हर’ (१९९३) दिली. पुस्तक छोटं, इंग्रजी साधं, नायक जोनास जेमतेम १२ वर्षांचा, शिवाय बालसाहित्यासाठीचं अमेरिकेतलं न्यूबेरी पदक मिळालेलं. मी आत डोकावलेही नाही. दहा दिवसांनी तिच्या आईचा फोन आला, पोरगी रात्री दिवा बंद करू देत नाही. मग मी बसून पुस्तक वाचलं. शेवटाकडे एक प्रसंग आहे. जोनासचे वडील स्वभावाने प्रेमळ, तान्ह्या बाळांना सांभाळणं हेच त्यांचं काम. जुळ्यांपैकी वजनाला कमी भरलेल्या बाळाच्या कपाळात ते प्राणघातक सुई टोचतात आणि नेहमीच्याच लाडिक आवाजात त्याचा निरोप घेतात. रक्त नाही, आरडाओरडा नाही. जोनास हे सगळं पडद्यावर बघत असतो.

सुझन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’मध्ये (२००८) २४ मुलामुलींना एकमेकांचा जीव घेण्यासाठी रिंगणात उतरवतात. तरी ते पुस्तक एका दमात संपवून शांत झोपणारी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. तिथे क्रूर कोण हे सुरुवातीपासून ठाऊक असतं आणि ते लांब राजधानीत बसलेलं असतं. ‘द गिव्हर’मध्ये भीती घरातल्या माणसाकडून येते. तेव्हापासून मी पुस्तकात किती माणसं मरतात हे मोजत नाही. काळोख कुठून येतो आणि समोरच्या मुलाच्या किती जवळचा आहे, हे बघते.

याच कारणासाठी मुलाच्या घरी काय चाललंय हे माहीत नसताना पुस्तक देऊ नका. पॅट्रिक नेस यांचं ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ (२०११) डिस्टोपियन नाही, पण “डार्क हवंय” म्हटलं की बरेच जण तेच पुढे करतात. त्यातल्या १३ वर्षांच्या कॉनरच्या आईवर कॅन्सरचे उपचार चालू आहेत. मूळ कल्पना शिव्हॉन डाऊड यांची. त्यांना स्वतःला कॅन्सर होता आणि पुस्तक लिहिण्याआधीच, २००७ मध्ये, त्या गेल्या. घरात आजारपण असलेल्या मुलाला हे पुस्तक मोठा आधार देऊ शकतं, पण ते कधी वाचायचं हे त्याचं त्याला ठरवू द्यावं. मी एवढंच सांगते, “यात आई आजारी आहे. आत्ता वाचायचंय की नंतर?” शेवट सांगायचा नाही, पण विषय लपवायचाही नाही.

नायक लहान आहे म्हणून पुस्तक मुलांचंच, हाही गैरसमज. ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’मध्ये (१९५४) सगळी मुलंच आहेत, पण गोल्डिंग यांनी ते मोठ्यांसाठी लिहिलंय. ऑर्वेल यांची ‘१९८४’ तर नववी-दहावीच्या आधी देऊच नये, असं माझं मत आहे.

सिनेमा पाहिलाय म्हणून पुस्तक झेपेल, असंही धरू नका. ‘द गिव्हर’च्या २०१४ च्या सिनेमात जोनास बराच मोठा दाखवलाय, त्यामुळे सगळ्याचा परिणामच बदलतो.

मालिकेचं पण तसंच. पहिला भाग आवडला म्हणून तिन्ही पुस्तकं एकदम देतात. ‘हंगर गेम्स’चा तिसरा भाग ‘मॉकिंगजे’ (२०१०) युद्धाबद्दल आणि युद्धाने आतून मोडलेल्या माणसांबद्दल आहे. पहिल्या भागातला थरार शोधणारं मूल तिथे गोंधळतं.

मराठी आणि सेमी-इंग्रजीच्या मुलांसाठी भाषेकडेही बघावं लागतं. नेस यांच्याच ‘द नाइफ ऑफ नेव्हर लेटिंग गो’मध्ये गोष्ट सांगणारा टॉड फारसा शिकलेला नाही, म्हणून शब्दांची स्पेलिंगं मुद्दाम चुकीची छापली आहेत. पुस्तक जबरदस्त आहे, पण इंग्रजी अजून सवयीचं नसलेलं मूल स्वतःलाच ढ समजून ते परत करतं. देताना आधी हे सांगून ठेवावं.

आणि पुस्तक अर्ध्यावर परत आलं तर? “का नाही वाचलंस?” असं विचारलं की मूल “बोअर झालं” म्हणून मोकळं होतं. “कुठपर्यंत आलं होतंस?” असं विचारावं. पान सांगितलं की बहुतेक वेळा कारण कळतं. झोप उडाली असेल तर पुस्तक काही दिवस बाजूला ठेवायचं, आणि त्या पानाबद्दल मोठ्या माणसाने मुलाशी बोलायचं. त्यासाठी आपण ते वाचलेलं असावं लागतं.

ती सहावीतली मुलगी आठवीत गेल्यावर ‘द गिव्हर’ मागायला स्वतःहून आली. वाचून झाल्यावर काउंटरपाशी उभी राहून म्हणाली, “काकू, शेवटी जोनास जगतो की मरतो?” लॉरी यांनी तो शेवट मोकळा सोडलाय आणि पुढे आणखी तीन पुस्तकं लिहिली आहेत. ती तिन्ही माझ्या मागच्या कपाटात होती. मी म्हटलं, “तुला काय वाटतं?” ती वाचनालय बंद व्हायच्या वेळेपर्यंत बोलत राहिली. त्या शनिवारी मी कपाट उघडलं नाही.