राणीछाप रुपया घासू नका, आणि आणखी काही चुका टाळा

आजीच्या डब्यातून राणीछाप रुपया, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असलेला ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया, निघाला की घरात लगेच चिंच, रांगोळी नाहीतर टूथपेस्ट पुढे येते. नवशिक्यांच्या चुकांत सगळ्यात महागात पडणारी हीच. चांदीवरचा काळसर थर हा मळ नसतो. हवेतल्या गंधकाने चांदीच काळवंडलेली असते. घासलं की तिचा पापुद्राही निघतो, राणीच्या केसांच्या बटा सपाट होतात आणि भिंगाखाली समांतर ओरखडे दिसतात. असं नाणं जाणकार गिऱ्हाईक चांदीच्या भावातच मागतं. वर्षानुवर्षांचं लक्ष्मीपूजनाचं हळदकुंकू चिकटलं असेल, तर नाणं दिवसभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा आणि मऊ सुती कापडावर टिपा. पुसायचं नाही. उरलेलं कुंकू राहू द्या.

विकत घेताना नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवू नका. १८३५ ते १९३९ या काळातला ब्रिटिश रुपया, राणीचा असो वा राजाचा, म्हणजे एक तोळा: ११.६६ ग्रॅम, व्यास साधारण ३०.५ मिमी, चांदी ९१.७ टक्के. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्याच. झिजलेला रुपया थोडा कमी भरणार. पण अक्षरं ठसठशीत आणि वजन १०.५, असं असेल तर सरळ परत करा. नाणं लोहचुंबकाला चिकटलं नाही म्हणून अस्सल ठरत नाही. पितळही चिकटत नाही.

वजन जुळलं तरी पाण्याची परीक्षा करा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आकडा, म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, १.१३ ग्रॅमच्या आसपास यायला हवा. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर (नावात चांदी, पण चांदी नसलेला मिश्रधातू) असेल तर तो १.३५ च्या घरात जातो. नाण्याला बुडबुडे चिकटले तरी आकडा फुगतो, म्हणून आधी दोरा हलकेच झटका. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच, तिथे १.२२ धरा.

सालावरही डोळे झाकून विश्वास नको. १८६२ हेच साल १८७४ पर्यंतच्या रुपयांवर छापलं जात होतं. त्यातले प्रकार ठिपक्यांवरून ओळखतात. १९३९ चा रुपया दुर्मीळ, त्यामुळे १९३८ मधल्या आठाचा नऊ केलेली नाणी बाजारात फिरतात. शेवटचा आकडा दहापट भिंगाखाली बघा. कोरल्याची खूण किंवा आजूबाजूची वेगळी झळाळी सापडते. ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ लिहिलेला रामदरबार, म्हणजे राम-सीतेचं चित्र असलेलं नाणं, तर घेऊच नका. कंपनीने असं नाणं चलनात आणलंच नव्हतं.

बरेच रुपये कधीकाळी माळेत ओवलेले असतात. कडी काढली तरी झाळल्याचा डाग कडेवर राहतो आणि किंमत निम्म्याहून खाली येऊ शकते. कड गोल फिरवून बघायला लोक विसरतात.

साठवताना रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने काळी रेघ उमटते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांमुळे, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत, हिरवट चिकट थर येतो. तो आलाच असेल तर काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन घेऊन नाणं काही मिनिटं बुडवा. खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस पेटलेला नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही. त्यात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात.