रंकाळ्यावरचं धुकं जलरंगात

थंडीत सूर्य वर यायच्या आधी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर गेलात, तर काठावरच्या शालिनी पॅलेसच्या बाजूची झाडं वेगवेगळी दिसतच नाहीत. पाण्यावर टेकलेला निळसर करडा पट्टा तेवढा दिसतो. चित्रात तो पट्टाच यायला हवा. पान न् पान रंगवलंत की धुकं गेलं! वातावरण रंगापेक्षा टोन (रंगाचा फिकट-गडदपणा) आणि कडा यांतून येतं, हे मी शिकवताना सगळ्यात आधी सांगते.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, जमल्यास कॉटनचा. रंग तीनच पुरतात: अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा). ट्यूबमधला तयार हिरवा इथे भडक दिसतो. अल्ट्रामरीन आणि ऑकरचा मळकट हिरवा मला या सकाळीला जास्त खरा वाटतो. करड्यासाठी अल्ट्रामरीन आणि सिएना.

आधी पोस्टकार्डाएवढं पेन्सिल स्केच करून टोन ठरवा. आकाश-पाणी फिकट, पलीकडची झाडं मध्यम, आणि गडद जागा एकच: जवळची फांदी किंवा पाण्यातली संध्यामठाची दगडी वास्तू.

मग सगळा कागद ओला करून आकाश आणि पाणी एकाच वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एकाच सलग थरात, घ्या. आता घाई नको. कागद तिरप्या उजेडात बघा. पाणी चकाकत असेल तर रंग लांबवर पसरेल. चकाकी उतरून कागद नुसता दमट राहिला की झाडं लावा. ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी आणि रंग दाट हवा, नाहीतर फुलकोबीसारखे डाग फुटतात.

त्याच ओलीत प्रतिबिंबंही घ्या, ब्रश सरळ खाली ओढून. उजेड कुठूनही असो, प्रतिबिंब वस्तूच्या थेट खालीच पडतं. सूर्याबरोबर फिरते ती सावली. गडद झाडाचं प्रतिबिंब झाडापेक्षा जरा फिकट ठेवा, उजळ भिंतीचं जरा गडद.

काठाची रेघ मारू नका. दमट चपट्या ब्रशने आडवा रंग उचला, तिथे धुक्याची पट्टी उमटते. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची कोल्हापूरच्या पाणवठ्यांची निसर्गचित्रं पाहायला मिळाली, तर पाणी आणि जमीन कुठे भेटतात ते मुद्दाम शोधा.

कागद पूर्ण वाळल्यावरच जवळचा गडद आकार ठळक कडांनी काढा. पाण्यावरची चमक पांढऱ्या रंगाने आणू नका. तेवढा कागद सुरुवातीपासूनच कोरा राखा.