एसटीत बसून अभ्यास कसा करायचा (पुस्तक बंद ठेवून)

गावातून रोज एसटी पकडून तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहून राहिलो. जाण्यायेण्यात दीड-दोन तास जातात, घरी आलं की ढोरांचं काम, संध्याकाळी लाईन जाते, मग अभ्यास करावा कधी? बीएस्सीच्या पहिल्या सेमिस्टरला मी केमिस्ट्रीत नापास झालो तेव्हा मलाही वाटलं की वेळच पुरला नाही. पण नोट्स तं मी तीनदा वाचल्या होत्या, पिवळ्या पेनाने रंगवल्या होत्या. पेपर हातात आला तेव्हा सारं ओळखीचं वाटे आणि लिहायला घेतलं की काहीच सुचेना.

गोम इथंच आहे. पुन्हापुन्हा वाचलं की ओळख होते आणि आपल्याला वाटते येते म्हणून. अमेरिकेत रोडिगर आणि कारपिक या दोघांनी 2006 साली याचा प्रयोग छापला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला, दुसऱ्यांनी एकदाच वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तं वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना 61 टक्के. आपला पेपर काही पाच मिनिटांनी नसते ना.

तर करायचं असं. कॉलेज सुटल्यावर एसटीत बसले की मोबाईल बॅगेत टाका आणि मनातच विचारा, आज पहिल्या तासाला काय झालं? सुरुवातीला दोन वाक्यंच आठवतील, घाबरू नका, आठवायला जो जोर लागते ना तोच खरा अभ्यास आहे. याला टेबल लागत नाही, नेटवर्क लागत नाही, उभं राहून जावं लागलं तरी जमते.

घरी आल्यावर कोरा कागद घ्या, पुस्तक न उघडता त्या धड्याचं जे आठवते ते लिहा, आणि मग पुस्तक उघडून जे सुटलं ते लाल पेनाने भरा. पुढच्या वेळी आधी ते लालच बघायचं. बारावीपर्यंत मराठीत शिकून आलेल्यांनी पहिले आपल्या बोलीत सांगावं, लाजायचं कारण नाही. ऑस्मोसिस म्हणजे काय, तं कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटते ते. कारण कळलं की मग इंग्रजीतली व्याख्या पाठ करा, ती टिकते.

आता परत कधी बघायचं? हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 साली दाखवलं की शिकलेलं सुरुवातीलाच सगळ्यात जास्त विसरते आणि मग विसरण्याचा वेग कमी होते. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याभराने. हरभऱ्याला सारं पाणी एकाच दिवशी देतो का आपण? कॅलेंडरवर त्या त्या तारखेला धड्याचा नंबर टाकून ठेवा, एवढं पुरे.

जुने पेपर शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका, पहिलं युनिट संपलं की लगेच त्यावरचे प्रश्न घ्या. दोन-तीन युनिट झाले की प्रश्न मिसळून सोडवा, कारण पेपरात कोणी सांगत नाही की हे गणित कोणत्या धड्यातलं आहे. आणि रात्रभर जागू नका, शिकलेलं डोक्यात पक्कं व्हायला झोप लागते.

सगळ्यात अवघड जाते ते सोयाबीन सोंगायच्या आणि कापूस वेचायच्या दिवसांत, आणि हिवाळी परीक्षा नेमकी तेव्हाच जवळ आलेली असते. घरच्यांना नाही म्हणता येत नाही, म्हणूही नये असं मला वाटते. अशा वेळी सकाळी दहा प्रश्न चिठ्ठीवर लिहा, उत्तरं नाही फक्त प्रश्न, आणि चिठ्ठी खिशात टाकून वावरात जा. एक तास झाला की एक प्रश्न, हात चालू राहू द्या. जे अडलं त्यावर दुपारी शिदोरी सोडताना खूण करा आणि रात्री पुस्तक उघडलं की तेवढंच बघा.