लाँग-टर्म केअरमध्ये नवी नर्स प्रॅक्टिशनर: कामाला हात कसा घालावा

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे रुग्ण तपासून स्वतः औषधं लिहून देणारी, जास्तीचं शिक्षण घेतलेली नर्स. तशी रुजू झाल्यावर पहिल्या सोमवारी मला तपासायच्या २२ जणांची यादी मिळाली आणि मी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून थेट पहिल्या खोलीत शिरले. तिथेच चुकले. त्याआधी नऊ वर्षं आयसीयूत नर्स होते, त्यामुळे आजार मॉनिटरवर दिसतो अशी डोळ्यांना सवय लागलेली. इथे मॉनिटर नसतो. रक्ताचा रिपोर्ट बहुतेक वेळा उद्या येतो, एक्स-रे काढणारा मशीन घेऊन संध्याकाळी येतो. आजार ओळखायचा तो माणूस कालच्यापेक्षा किती बदललाय यावरून, आणि काल तो कसा होता हे नव्याने आलेल्या तुम्हाला ठाऊक नसतं.

मी अमेरिकेतल्या नर्सिंग होमबद्दल बोलतेय. आपल्याकडे या शब्दाने डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल डोळ्यांपुढे येतं. इथे मात्र ते तिथे राहणाऱ्यांचं घर असतं, पुष्कळदा शेवटचं.

‘काल कसा होता’ हे ज्यांना पक्कं माहीत असतं त्या म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, सगळे त्यांना सीएनए म्हणतात. त्या अंघोळ घालतात, भरवतात, कूस बदलतात. म्हणून सकाळी सातला, रात्रीची पाळी बदलताना, तिथे हजर राहा आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: आज कोण नेहमीसारखं नाही? उत्तर ‘ती आज कॉफीला नको म्हणाली’ इतकं साधं असेल. ते लिहून घ्या आणि राउंड त्या खोलीपासून सुरू करा.

हे मी एका आजींकडून शिकले. वय ८८, स्मृतिभ्रंश, पण एरवी हसतमुख. एका दुपारी त्या ओरडायला लागल्या, कपडे ओढायला लागल्या. चार्ज नर्स, म्हणजे त्या पाळीची प्रमुख नर्स, म्हणाली, ‘युरिन इन्फेक्शन असणार.’ मी लघवी तपासायला पाठवली, कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, जंतू निघाले, अँटिबायोटिक लिहिलं. ओरडणं थांबेना. तिसऱ्या दिवशी त्यांची नेहमीची सीएनए सुट्टीवरून परतली आणि लिफ्टपाशी मला म्हणाली, ‘पाच दिवस त्यांना शौचाला झालेलं नाही, कोणी पाहिलं का?’ मी पाहिलं नव्हतं. मळाचा खडा झाला होता, त्यामुळे लघवीही तुंबली होती. एनिमा दिल्यावर संध्याकाळपर्यंत आजी शांत झाल्या. अँटिबायोटिकने मात्र पुढचे दोन आठवडे जुलाब लावले. ते माझ्या सहीने झालं, हे मी विसरलेले नाही.

नर्सिंग होममधल्या चार बायकांपैकी निदान एकीच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू सापडतात. म्हणजे कल्चर पॉझिटिव्ह येण्याने फारसं काही सिद्ध होत नाही. अँटिबायोटिक केव्हा सुरू करावं हे सांगणारे २००१ सालचे लोएब निकष पाठ करून ठेवा. कॅथेटर (लघवीची नळी) नसलेल्या माणसाला लघवी करताना नव्याने जळजळ होत असेल, किंवा ताप आणि त्यासोबत लघवीचं एखादं नवं लक्षण असेल, तर अँटिबायोटिकचा विचार करावा. नुसता गोंधळलेपणा त्या यादीत नाही. गोंधळ नवा असेल तर आधी पोट हातांनी तपासा, ब्लॅडर स्कॅन करून लघवी तुंबलीय का बघा, कुठे दुखतंय ते शोधा, ऑक्सिजन आणि साखर बघा, आठवडाभरात कोणतं औषध बदललं ते वाचा. चष्मा कुठे आहे, कानाच्या मशीनची बॅटरी चालू आहे का, हेही. श्वास मिनिटाला २५ च्या वर गेला असेल किंवा बीपी घसरत असेल, तर मात्र वाट पाहू नका.

तापाच्या बाबतीतही तेच. या वयात अंग तापतंच असं नाही. ज्याचं एरवीचं तापमान ९७ फॅरनहाइट असतं त्याला ९९ हा ताप समजा.

आता औषधं, म्हणजे तुमच्या कामाचा गाभा. एकेकाच्या नावावर पंधरा-पंधरा औषधं असतात आणि त्यांतली कित्येक एकमेकांमुळे आलेली असतात. मी पाहिलेली एक साखळी अशी: बीपीसाठी अॅम्लोडिपिन, त्याने पाय सुजले म्हणून लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड, त्याने लघवी आवरेना म्हणून ऑक्सिब्युटिनिन, त्याने डोकं गोंधळलं म्हणून आणखी एक गोळी. प्रत्येक औषध लिहिणाऱ्याला त्या क्षणी आपलं बरोबरच वाटलं असणार. एखादं नवं लक्षण दिसलं की तो एखाद्या गोळीचा प्रताप तर नाही, हे आधी बघा. बीअर्स निकष, म्हणजे वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी, जवळ ठेवा. १९९१ साली ते पहिल्यांदा नर्सिंग होममधल्या लोकांसाठीच तयार झाले होते. एका वेळी एकच औषध कमी करा आणि का केलं ते नोटमध्ये लिहा, नाहीतर शनिवार-रविवारी कॉलवर असलेली व्यक्ती ते पुन्हा सुरू करते.

मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे सांगणारा रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा फसवतो. नव्वद वर्षांची, ४० किलो वजनाची बाई, क्रिएटिनिन १.०. रिपोर्टवर काहीच खटकत नाही. वय आणि वजन धरणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब केला तर क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, मिनिटाला २४ मिलिलिटरच्या आसपास येतो. नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन असो की अँटिबायोटिक, डोस त्या २४ कडे बघून ठरवायचा. मी हा हिशेब पहिल्या भेटीतच करून चार्टमध्ये सर्वांत वर लिहिते.

नियम थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे दाखल झाल्यापासून पहिल्या ९० दिवसांत दर ३० दिवसांनी आणि नंतर दर ६० दिवसांनी एक भेट व्हावीच लागते. स्किल्ड नर्सिंगसाठी, म्हणजे प्रशिक्षित नर्स किंवा थेरपिस्टच्या रोजच्या उपचारांसाठी, आलेल्यांची पहिली सविस्तर भेट डॉक्टरांनीच घ्यायची असते. पुढच्या भेटी डॉक्टर आणि तुम्ही आलटून पालटून घेऊ शकता. आजारपणामुळे बघावं लागलं तर केव्हाही जा, त्याला कोणाची आडकाठी नाही. स्वतंत्रपणे किती करता येईल हे राज्यागणिक बदलतं, ते रुजू होण्याआधीच वाचून घ्या.

‘गरज पडल्यास’ म्हणून दिलेली अँटिसायकोटिकची (भ्रम, आक्रमकपणा यांवरच्या मानसिक औषधाची) ऑर्डर १४ दिवसांपुरतीच असते, आणि पुन्हा लिहायची तर आधी त्या माणसाला स्वतः तपासावं लागतं. हा नियम मला मनापासून पटतो. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २००५ मध्ये नव्या पिढीच्या आणि २००८ मध्ये जुन्या औषधांवरही छापायला लावला. तरी ‘काहीतरी द्या, ओरडतायत’ असा आग्रह रोज होतो. नर्सला टोलवून लावू नका, ती एकटी तीसजणांना सांभाळत असते. तिच्यासोबत खोलीत जा, दोघी मिळून शोधा.

रात्री फोन येईल. बीपी, नाडी, श्वास, ऑक्सिजन, काय बदललं, केव्हापासून, आणि कोड स्टेटस काय, म्हणजे हृदय थांबलं तर सीपीआर द्यायचा की नाही, एवढं विचारा. नर्सने हे आधीच घेऊन ठेवावं असं वाटत असेल तर दिवसा शांतपणे शिकवा. रात्री दोनला तिच्यावर आवाज चढवलात तर पुढच्या वेळी ती सकाळपर्यंत थांबेल, आणि त्याची किंमत वरच्या खोलीतलं माणूस मोजेल. फोन ठेवताना मी दर वेळी म्हणते, ‘बरं झालं कळवलंत.’

घरच्यांशी बोलणं पुढे ढकलू नका. पहिल्या दोन आठवड्यांत मुलीला किंवा मुलाला आपणहून फोन करा, तेही काही बिघडलेलं नसताना. आई पूर्वी काय करायची, तिला कशाची भीती वाटते, पुन्हा हॉस्पिटलमध्ये जायला तिला आवडेल का, हे विचारा. फीडिंग ट्यूब आणि सीपीआरबद्दल घाईच्या रात्री पहिल्यांदा बोलणं फार कठीण जातं. वजनावरही लक्ष असू द्या: महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घटलं तर तो फोन त्याच दिवशी करायचा.

आणि तुमच्या यादीतलं कोणी गेलं, तर त्यांची नेहमीची सीएनए त्या दिवशी कामावर होती का ते बघा. नसेल तर दुसऱ्या दिवशी ती रिकामा पलंग बघायच्या आत तिला गाठा आणि स्वतः सांगा.